राक्षस नव्हे, आजी!

दिवाळी अंकात, फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचायचे ते गोडधोडच असावे असा आपल्याकडे संकेत आहे. दोन-चार कथा असाव्यात, व्यंगचित्रे असावीत, वर्षाचे राशिभविष्य असावे. तो संकेत मोडून मी यंदा एका माशाचे वकीलपत्र घेऊन उभा आहे. वकील मॅट्रिक पास, धंदा शाळामास्तरकीचा, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, राहणार जिल्हा बुलढाणा, जिथून समुद्र पाहायचा तर मलकापूरला रात्रीची गाडी धरावी लागते. अशिलाची आणि माझी गाठ कधी पडलेली नाही, पडण्याचा संभवही नाही. तरी हा खटला मी चालवणार आहे. कारण ज्या शब्दांत या मुक्या प्राण्याची बदनामी चालते त्या शब्दांचा शेवट कोठे होतो, हे मला दिसते आहे. आणि तो शेवट तुमच्या-माझ्या घरातल्या औषधांच्या फळीवर होतो.

आधी अशिलाची ओळख करून देतो. हा खोल समुद्रातला एक कूर्चामासा. कूर्चा म्हणजे आपल्या नाकाच्या शेंड्यात आणि कानाच्या वरच्या वळणात असते ती लवचीक, हाडवजा वस्तू. या माशाचा सगळा सांगाडा तिचाच; अंगात हाड म्हणून नाही. कोकणच्या बाजारात मिळणारी मुशी म्हणजे शार्क, आणि पाकट, हे याचे भाऊबंद. पण वाटणी फार जुनी. ती होऊन चाळीस कोटी वर्षांच्या आसपास काळ लोटला. ज्या लाव्ह्यापासून आपल्या दख्खनचा काळा पाषाण झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आमचा बुलढाण्याचा घाट जन्माला आला तेव्हा या घराण्याची चूल वेगळी होऊन तेहतीस कोटी वर्षे उलटून गेली होती. आपल्याकडे तेहतीस कोटी म्हटले की हात आपोआप जोडले जातात. या माशाच्या बाबतीत मात्र जोडले जात नाहीत.

शास्त्रज्ञ या घराण्याला 'कायमेरा' म्हणतात. त्याच्या पन्नासहून अधिक जाती आज माहीत आहेत. त्यांतली लांब नाकवाल्यांची एक शाखा आहे, आणि तिच्यातली निओहॅरिओटा पिन्नाटा नावाची जात आपल्या अरबी समुद्रातच, केरळ किनाऱ्यापलीकडच्या उतारावर राहते. मराठीत त्याला नाव असल्याचे माझ्या वाचनात नाही. आपण त्याला सोयीसाठी 'लांबनाक्या' म्हणू. वर्तमानपत्रे आणि मोबाईलवरच्या चित्रफिती त्याच्या सगळ्या घराण्याला 'भूत-शार्क' म्हणतात. मथळ्यांत 'भयानक', 'किळसवाणा', 'समुद्रातला सैतान' अशी विशेषणे सढळ हाताने वाढलेली असतात. माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीने असेच एक चित्र मला दाखवले आणि विचारले, "सर, याचं तोंड कोणी शिवलंय का?" प्रश्न निर्मळ होता आणि निरीक्षण अचूक होते. पण चित्राखाली उत्तर म्हणून जे छापले होते ते एवढेच, की निसर्गाने घडवलेल्या सर्वांत कुरूप प्राण्यांपैकी हा एक.

आता आरोप एकेक करून घेऊ. पण त्याआधी आरोपीचे राहते घर पाहिले पाहिजे. घर न पाहता माणसाच्या कपड्यांना नावे ठेवू नयेत, एवढा शिष्टाचार आपण पाळतोच.

ज्यांनी आमचे लोणार पाहिले आहे त्यांना हे घर समजावणे मला सोपे जाईल. त्या विवराच्या काठावर उभे राहिले की खालच्या तळ्याचे पाणी सुमारे १३७ मीटर खोल दिसते. खाली उतरलेली माणसे मुंग्यांएवढी वाटतात. अशी चार विवरे एकाखाली एक रचा आणि ती काठोकाठ खाऱ्या पाण्याने भरा. लांबनाक्याच्या दारापर्यंत आपण साधारणपणे पोचलो. दोनशे मीटरच्या खाली उजेड इतका क्षीण होतो की त्यावर वनस्पती जगू शकत नाही. हजार मीटरवर सूर्य ही गोष्टच संपते. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढत जातो. पाचशे मीटरवर तो वरच्यापेक्षा पन्नास पटींनी जास्त. पाणी थंड. अन्न म्हणजे वरून, मेलेल्या जिवांच्या कणांच्या रूपाने, भुरभुरत खाली येईल ते, आणि त्यावर जगणारे खेकडे-शिंपले. त्यातून अरबी समुद्राची आणखी एक तऱ्हा आहे. सुमारे दोनशे ते हजार मीटर या थरात त्याच्या पाण्यात प्राणवायू अगदीच कमी असतो. जगातल्या अशा थरांत आपला हा थर जाडजूड म्हणून ओळखला जातो.

असे हे घर: काळोखाचे, दाबाचे, गारठ्याचे आणि उपासमारीचे. या घरात जो संसार करून दाखवील त्याचा चेहरा मोहरा राजकपूरसारखा असावा, ही अपेक्षा कोणाची?

आरोप पहिला: नाक अवास्तव लांब. असेलच! जेथे डोळ्यांचा उपयोग थोडा, तेथे नाकाने पाहावे लागते. या लांब सोंडेवर बारीक छिद्रे असतात आणि त्यांत एक चिकट रस भरलेला असतो. गाळात दबून बसलेल्या खेकड्याच्या स्नायूंतून जी अत्यंत सूक्ष्म वीज निघते ती या छिद्रांना कळते. रात्री घरची वीज गेली तर आपल्याला पायाखालची चप्पल सापडत नाही. आणि हा जन्मभर वीज गेलेल्या घरात राहून दुसऱ्याच्या अंगातली वीज हुडकतो. नाकाच्या लांबीची थट्टा आपण करायची?

आरोप दुसरा: चेहऱ्यावर टाके. माझ्या विद्यार्थिनीने विचारले ते हेच. सर्वच माशांच्या अंगावर पाण्याची हालचाल जाणणाऱ्या वाहिन्या असतात. बहुतेकांच्या त्या कातडीखाली झाकलेल्या असतात. या मंडळींच्या चेहऱ्यावर मात्र त्या उघड्या चऱ्यांसारख्या दिसतात. शेजारून कोण गेले, केवढे गेले, कोणीकडे गेले, हे त्या चऱ्या सांगतात. म्हणजे जिला आपण शिवण समजलो ती त्याची जाणीव आहे.

आरोप तिसरा: डोळे भुतासारखे चमकतात. मांजराचेही चमकतात, आणि मांजर आपण मांडीवर घेतो. डोळ्याच्या मागच्या बाजूस आरशासारखा थर असतो. आत आलेला उजेडाचा थेंब वाया जाऊ नये म्हणून तो परत फिरवून पुन्हा वापरला जातो. ही काटकसर आहे. आमच्या आजीच्या पिढीने कंदिलाची काच रोज राखेने घासली ती याच हेतूने.

आरोप चौथा: दात सशासारखे, शेपूट उंदरासारखे. खरे आहे. युरोपातल्या कोळ्यांनी त्याच्या भाऊबंदांना ससा-मासा आणि उंदीर-मासा अशीच नावे ठेवली. पण त्याचे दात म्हणजे सुटे सुळे नव्हेत. त्या दळायच्या पट्ट्या आहेत, वर दोन जोड्या आणि खाली एक. कवच फोडून खाणाऱ्याला जाते लागते, सुरी लागत नाही. वरचा जबडा तर कवटीशी एकजीव झालेला असतो. शार्कचा तसा नसतो. दळण दळणाऱ्याचे जाते जमिनीत घट्ट रोवलेले हवे, हे कोणतीही जुनी बाई सांगेल. राहिली शेपटी. ती चाबकासारखी बारीक, कारण तिच्यावर पोहण्याचा सगळा भार नाही. हा पोहतो तो छातीच्या दोन रुंद परांनी, पंख हलवल्यासारखा. ज्यांनी त्याला जिवंत पाहिले आहे ते त्याच्या चालीला उडणेच म्हणतात.

आरोप पाचवा, आणि माझ्या मते सर्वांत अन्यायाचा: एकूण दिसणेच ओंगळ. येथे मी साक्षीदारांची उलटतपासणी घेतो. साहेब, आपण या माशाला कोठे पाहिले? जहाजाच्या फळीवर. कोणत्या अवस्थेत? मेलेल्या. चार लोणारांच्या तळातून जाळ्यात कोंबून, शेकडो माशांच्या वजनाखाली फरफटत वर आणलेला, बिनखवल्यांचे मऊ कातडे सोलवटलेला, उन्हात टाकलेला! म्हणजे आपण त्याचे रूप पाहिलेच नाही. आपण त्याचे प्रेत पाहिले. कोणत्याही गावचा देखणा तरुण उचला, त्याला पाचशे मीटर खाली नेऊन तेथे त्याचे छायाचित्र काढा, आणि मग त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर छापा. मुलीकडचे काय म्हणतील ते मला ऐकायचे आहे.

अशा रीतीने आरोपपत्रातला एकेक शब्द गळून पडतो. ज्याला आपण विद्रूपता म्हणतो ती दर ठिकाणी त्या जागेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर निघते. पण वाचक म्हणतील, "मास्तर, ठरला तुमचा मासा देखणा. नावे ठेवली म्हणून त्याचे काय बिघडले? त्याला वाचता थोडेच येते?" हाच माझा खरा वाद आहे. नावाने फार बिघडते.

१७५८ साली कार्ल लिनिअस या थोर स्वीडिश पंडिताने आपल्या महाग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या घराण्यातल्या एका माशाला नाव दिले, कायमेरा मॉन्स्ट्रोसा. कायमेरा म्हणजे ग्रीक पुराणातली एक राक्षसीण. सिंहाचे तोंड, बोकडाचे धड, सापाचे शेपूट. मॉन्स्ट्रोसा म्हणजे अक्राळविक्राळ. म्हणजे राक्षसीण, आणि तीही राक्षसी! लिनिअसच्या विद्वत्तेला माझा दंडवत आहे. पण या बारशाला मी जाणार नाही. कारण ग्रीकांच्या कथेत मिश्र देहाचा प्राणी दिसला की वीराने घोड्यावर बसून त्याला मारायचे, हा न्याय आहे. आमचा न्याय तो नाही. आम्ही हत्तीचे मस्तक आणि माणसाचे धड एकत्र दिसले की त्याला पाटावर बसवतो आणि प्रत्येक कार्यात पहिला मान देतो. अर्धा सिंह, अर्धा माणूस खांबातून निघाला तर त्याला अवतार म्हणतो. गंगेला बसायला आम्ही दिला तो मकर, कशाचे तोंड आणि कशाचे धड याचा हिशेब आजवर कोणी मागितला नाही. गंमत अशी, की याच कायमेरा घराण्यातल्या दक्षिण समुद्रातल्या एका शाखेला तिच्या सोंडेवरून लोक हत्तीमासा म्हणतात. गणपतीच्या देशाने त्या माशाला भूत म्हणावे, आणि तेही इंग्रजी मथळ्याचे भाषांतर करून म्हणावे, यासारखी उसनवारी नाही.

आणि या हत्तीमाशाकडून माणसाला काय मिळाले ते ऐका. २०१४ साली सिंगापूरच्या संशोधकांच्या पुढाकाराने त्याची संपूर्ण जनुकसंहिता वाचली गेली. पाठीचा कणा असलेल्या ज्या प्राण्यांची संहिता तोवर वाचली गेली होती, त्या सर्वांत ही सर्वांत सावकाश बदललेली निघाली. शिवाय, इतर माशांच्या आणि माणसाच्या अंगात हाड घट्ट करण्याच्या कामी येणारा एक जनुकांचा गट त्याच्यात नाही, असे आढळले. म्हणजे आपल्या अंगात हाड कसे आले, या प्रश्नाचे एक टोक या बिनहाडाच्या माशाच्या हातात आहे. आपल्या घराण्याचा जुना दस्तऐवज ज्याने जसाच्या तसा सांभाळला, त्याला आपण काय म्हणतो? कुटुंबातला वडीलधारा म्हणतो.

तसे म्हणणारी एक व्यक्ती निघाली. २०२४ साली न्यूझीलंडच्या पूर्वेच्या समुद्रातली, सुमारे २६०० मीटर खोलीपर्यंत राहणारी, म्हणजे आमच्या हिशेबाने एकोणीस लोणारे खोल, एक लांबनाकी नवी जात जगापुढे आली. तपकिरी रंगाची, मोठ्या डोळ्यांची, आमच्या लांबनाक्याच्या जवळच्या नात्यातली. संशोधिका ब्रिट फिनुची यांनी तिला नाव दिले हॅरिओटा एव्हिया. लॅटिनमध्ये एव्हिया म्हणजे आजी. आपल्या आजीच्या स्मरणार्थ त्यांनी हे नाव ठेवले, आणि हे मासे म्हणजे माशांचे फार जुने पूर्वज, तेव्हा नाव दोन्ही अर्थांनी शोभते, असे त्यांचे म्हणणे. १७५८ ची राक्षसीण आणि २०२४ ची आजी! मासा तोच, नाक तेच, शेपूट तेच. बदलला तो पाहणाऱ्याचा डोळा. दोनशे सहासष्ट वर्षे लागली.

एका नावाने एवढा काय फरक पडतो, हे बुलढाणेकराला सांगावे लागू नये. लोणारला खोल खड्डा दिसला तेव्हा आमच्या पूर्वजांनी कथा सांगितली, की आत लवणासुर राहत होता आणि विष्णूने त्याच्या बिळावरचे झाकण उडवून त्याचा वध केला. कथा सुंदर आहे. त्या निमित्ताने गावात दैत्यसूदनाचे देऊळ उभे राहिले, आणि त्या देवळावरून मी जीव ओवाळून टाकीन. पण कथेने मनाला एक वळण लावले: खोल आहे म्हणजे आत असुर असणार. पुढे लोकांनी त्या जागेला ज्वालामुखी म्हटले. १९७३ साली तेथल्या खडकांच्या अभ्यासावरून प्रसिद्ध झाले, की हे उल्कापाताचे विवर आहे. असुर गेला आणि जगाच्या नकाशावर लोणार आले. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुन्हा शकुन-अपशकुनाची कुजबुज झाली. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाण्याचे नमुने तपासून सांगितले, की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांचा तो रंग आहे. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेले. असुराच्या खड्ड्याला कोणी कुंपण घालत नाही. उल्केच्या विवराला घालतात. नाव बदलले की राखणदार मिळतो.

"पण बुलढाण्याला समुद्राचे काय?" हा प्रश्न मला आमच्या शिक्षकांच्या खोलीत विचारला जातो. आमचा मासा म्हणजे नळगंगेच्या धरणातला कटला, नाहीतर पावसाळ्यातली मरळ; समुद्र कोकणवाल्यांचा. मी विचारतो, भूगोल कोण शिकवतो येथे? घाटावर पडलेला पाऊस पैनगंगेला मिळतो. पैनगंगा वर्धेला, आणि तेथून ते पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. घाटाखाली पडलेला पाऊस पूर्णेला मिळतो. पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. एकाच जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना पोचवणारे आपण. आपल्या शेतातले खत, गटारातले प्लास्टिक आणि नदीतले पाप दोन्हीकडे आपल्याच पत्त्यावरून जाते. आणि समुद्र आपला नाही?

बरे, आपले तिकडे जाते एवढेच नाही. तिकडचे आपल्याकडे येते. आता मी औषधांच्या फळीपाशी येतो.

आमच्या भागात एक गृहस्थ बाटल्या घेऊन घरोघर फिरत होते. बाटलीत सोनेरी, पारदर्शक गोळ्या. सांधे, दमा, रक्तदाब, थकवा, सर्वांवर एकच उपाय. आत काय, म्हणून विचारले तर म्हणाले, "खोल समुद्रातल्या शार्कचं तेल. तिथं प्राणवायू नसतानाही तो जगतो, म्हणजे बघा त्याच्यात किती ताकद!" ज्या शेतकऱ्याच्या घरी सोयाबीनचा भाव पडला म्हणून मुलाची फी थकली होती, त्याच्या घरी ती बाटली मी पाहिली. असला दावा सिद्ध करणारा पुरावा त्या बाटलीवर नव्हता, गृहस्थांजवळही नव्हता.

यामागचे शास्त्र साधे आहे. हाडाच्या बहुतेक माशांना तरंगायला पोटात वायूची पिशवी असते. खोल दाबात वायू आवळला जातो. तेल फारसे आवळत नाही. म्हणून कूर्चामाशांना पिशवीच नाही. त्यांनी यकृतात, म्हणजे काळजात, तेल साठवले. खोल पाण्यातल्या कित्येक शार्कांचे यकृत शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके किंवा त्याहून मोठे भरते. १९०६ साली जपानच्या मित्सुमारू त्सुजिमोतो यांनी शार्कच्या तेलातून जो पदार्थ वेगळा काढला त्याला पुढे स्क्वालीन नाव पडले. आज तो गोळ्यांत आणि चेहऱ्याला लावायच्या मलमांत जातो. म्हणजे ज्या तेलाच्या जोरावर हा प्राणी पाण्यात तोलून राहतो, ते काढून आपण गालाला चोळतो.

आणि तेच स्क्वालीन आणखी कशात आहे? ऑलिव्हच्या तेलात आहे. उसाच्या साखरेपासूनही ते आता बनवतात. आपल्या स्वतःच्या कातडीवर जो तेलकटपणा येतो त्यातही ते आहे. आणि राजगिऱ्याच्या तेलात आहे! एकादशीला आपण ज्याचा लाडू खातो त्या राजगिऱ्याच्या. लाडवाने सांधे बरे होतात असे मी म्हणत नाही. मी काही त्या गृहस्थांचा भाऊ नव्हे. मी एवढेच म्हणतो, की जो पदार्थ शेतात पिकतो तो मिळवण्यासाठी चाळीस कोटी वर्षांच्या घराण्याचा निर्वंश करण्याचे कारण नाही.

निर्वंश हा शब्द मी रागाने वापरलेला नाही. खोल पाण्यातला संसार सावकाशीचा असतो. तेलासाठी ज्यांची सर्वांत जास्त शिकार होते त्या गल्पर शार्कांच्या काही जातींत एका वेळी एकच पिल्लू होते, आणि ते सुमारे दोन वर्षे पोटात असते. कायमेराची मादी शिंगासारख्या कठीण कवचाची अंडी दोन-दोन करून तळावर ठेवते, आणि पिल्लू बाहेर यायला महिनेच्या महिने जातात. अशा घराचे व्याज फार थोडे असते. आपण मुद्दलालाच हात घातला की ते पुन्हा उभे राहत नाही. शेजारच्या मालदीवमध्ये १९८० च्या सुमारास गल्परची शिकार सुरू झाली. दोन दशकांच्या आत ती कोसळली. २०१० साली त्या देशाने शार्कची शिकारच बंद केली; पण त्यानंतरही गल्परपुरती ती पुन्हा उघडावी, अशी मागणी तेथे पुढे आली. २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात खोल पाण्यातल्या ५२१ जातींच्या शार्क-पाकटांचा आणि त्यांच्या भाऊबंदांचा आढावा प्रसिद्ध झाला. दर सातांत एक जात नष्ट होण्याच्या धोक्यात. आणि अशा धोक्यातल्या जातींपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश यकृताच्या तेलाच्या धंद्यात वापरल्या गेलेल्या. तो आढावा घेणाऱ्यांत अग्रभागी होत्या त्याच फिनुचीबाई, ज्यांनी माशाला आजी म्हटले. मला यात योगायोग दिसत नाही. आजी म्हणणारीच माणसे मोजदाद ठेवतात. भुतांची शिरगणती कोणी करत नाही.

एक आक्षेप मात्र मी आदराने घेतो. "मास्तर, तुम्हाला महिन्याला पगार आहे. दर्यावर जाणाऱ्याने काय खावे?" प्रश्न रास्त आहे. मी कोळ्याच्या विरुद्ध नाही. कापूस विकून नागवल्या जाणाऱ्यांच्या मुलखातला माणूस कोळ्याच्या विरुद्ध कसा असेल? पण येथेही घर पाहा. मुंबईसमोर समुद्रातली उथळ जमीन सुमारे तीनशे किलोमीटर लांब पसरलेली आहे. आपल्या होडीवाल्या कोळ्याचे जाळे लांबनाक्याच्या उतारापर्यंत जात नाही. तो सापडतो तो दक्षिणेकडे, केरळात, जेथे उतार जवळ आहे. खोल पाण्यातल्या कोळंबीसाठी यांत्रिक बोटी तळ खरवडतात तेव्हा. त्याच्या मांसाला बाजारात मान नाही. उरते ते यकृत. ते तेलासाठी जाते. त्या तेलाच्या बाटलीची जी किंमत आमच्या गावात मोजली जाते, तिच्यातले किती रुपये जाळे ओढणाऱ्या हातात पडत असतील याचा हिशेब कापूस पिकवणाऱ्याला सांगावा लागत नाही. पोट कोळ्याचे पुढे करायचे आणि खिसा दलालाचा भरायचा, ही युक्ती आम्ही जिनिंगच्या दारात पुष्कळ पाहिली आहे.

तेव्हा माझे मागणे काय? ते मोठे नाही. संपादकांना मागतो, की खोल समुद्रातला प्राणी छापताना भाषांतराची 'भुते' गाळावीत आणि तो जेथे राहतो ती खोली आकड्यांत द्यावी. माझ्या शिक्षकबंधूंना मागतो, की पोराने चित्र दाखवले तर "शी!" म्हणून पुढे जाऊ नये, नाक का लांब, ते सांगावे. माहीत नसेल तर दोघांनी मिळून शोधावे. मॅट्रिकच्या विद्येवर ते जमते. घरच्या कर्त्या मंडळींना, विशेषतः किल्ल्या ज्यांच्या कमरेला आहेत त्या माउलींना मागतो, की बाटली घेण्याआधी तीवर शार्क, स्क्वालीन हे शब्द आहेत काय ते वाचावे, आणि असतील तर विचारावे: हे कोठून आणले? शेतातून की तळातून? उत्तर मिळाले नाही तर बाटली परत करावी.

आणि एक मागणे सरकारकडे. २०२१ साली आपल्या देशाने खोल समुद्राची मोठी मोहीम मंजूर केली; चार हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाची. तिच्यात 'मत्स्य-६०००' नावाच्या पाणबुडीची योजना आहे: टायटॅनियम धातूच्या एका गोळ्यात तीन माणसे बसून सहा हजार मीटर खाली जाणार. नाव पाहा, पहिल्या अवताराचे नाव! खाली खनिजे शोधायची आहेत, शोधा. पण दिवे लावल्यावर काचेपलीकडून एखादा लांबनाक्या पंख हलवत जाऊ लागला, तर वहीत काय लिहाल हे आताच ठरवून जा. लिनिअसचा शब्द लिहू नका. घर त्यांचे आहे, आणि वयाने ते आपल्यापेक्षा फार मोठे आहेत. मोठ्यांच्या घरी गेल्यावर प्रथम काय करायचे, हे दिवाळीला नमस्कार करत फिरणाऱ्या आपल्या पोरांना ठाऊक आहे.